सूक्ष्मकँटिलिव्हर संवेदक व पृष्ठप्रतिबल

सूक्ष्मकँटिलिव्हर संवेदक व पृष्ठप्रतिबल : एक टोक आधारात घट्ट बसविलेले व दुसरे मोकळे असलेल्या पट्टीला वा तुळईला ‘कँटिलिव्हर’ (बाहुधरन) म्हणतात. घराच्या भिंतीतून पुढे आलेला सज्जा हे तिचे परिचित उदाहरण होय. सिलिकॉन, सिलिकॉन नायट्राइड किंवा एखादे बहुवारिक (प्लॅस्टिकसारखा दीर्घरेणवीय पदार्थ) यांपासून काही मायक्रोमीटर ते काही शे मायक्रोमीटर लांबीची (मायक्रोमीटर म्ह. मीटरचा दशलक्षांश भाग) व बहुधा एका मायक्रोमीटरच्या आसपास जाडीची अशी पट्टी तयार केली, तर तिच्यावर बसणाऱ्या परकीय रेणूंची चाहूल तिच्या वाकण्यावरून किंवा कंपनावरून घेता येते. अशा प्रयुक्तीस ‘सूक्ष्मकँटिलिव्हर संवेदक’ म्हणतात. रेणू पृष्ठावर बसले म्हणजे पट्टीचे वस्तुमान वाढते, हे उघड आहे. त्याच वेळी तिच्या पृष्ठातील प्रतिबलही बदलते आणि त्यामुळे पट्टी वाकते. हे बदललेले प्रतिबल पट्टीच्या कंपनावरही परिणाम करते काय व करीत असल्यास किती, हा प्रश्न १९७५ पासून सु. चार दशके वादाचा राहिला. प्रश्न केवळ सैद्धांतिक नाही. कंप्रतेतील (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्येतील) बदल वस्तुमानामुळे झाला की प्रतिबलामुळे, हे ठरविता आले नाही, तर संवेदकाने ‘तोललेल्या’ विषाणूच्या वा रेणूच्या वस्तुमानाला काही अर्थ उरत नाही.

पृष्ठप्रतिबल : घन पदार्थाच्या अंतर्भागातील अणूला सर्व बाजूंनी शेजारी असतात. पृष्ठावरील अणूला बाहेरच्या बाजूस शेजारी नसतात. त्यामुळे त्याच्याभोवतीची इलेक्ट्रॉनांची वाटणी बदलते आणि पृष्ठावरील अणूंना परस्परांमधील अंतर अंतर्भागातील अंतरापेक्षा कमी वा जास्त असावे अशी प्रवृत्ती निर्माण होते. खालच्या थरांशी ते जखडलेले असल्याने त्यांना ते अंतर साधता येत नाही व पृष्ठ ताणलेल्या वा दाबलेल्या स्थितीत राहते. पृष्ठावर काढलेल्या रेषेच्या एकक लांबीवर कार्य करणाऱ्या या बलाला पृष्ठप्रतिबल म्हणतात व ते न्यूटन प्रतिमीटर या एककात मोजतात. पुष्कळ धातूंच्या स्वच्छ पृष्ठांवर ते ताणरूप असून त्याचे मूल्य एक ते काही न्यूटन प्रतिमीटर इतके असते.

द्रवाचा पृष्ठताण व घन पदार्थाचे पृष्ठप्रतिबल एकच समजण्याची चूक पूर्वी सर्रास होत असे. द्रवाचे पृष्ठ वाढविले म्हणजे आतले रेणू वर येऊन नवीन जागा भरून काढतात, दर एकक क्षेत्रातील रेणूंची संख्या तीच राहते व म्हणून पृष्ठ ऊर्जा आणि पृष्ठताण यांची मूल्ये समान असतात. घन पदार्थाचे पृष्ठ स्थितिस्थापक रीतीने ताणले असता तेच अणू एकमेकांपासून दूर सरतात, नवे अणू वर येत नाहीत. हा भेद जोसिया विलर्ड गिब्ज यांनी १८७५–७८ या काळातील आपल्या ऊष्मागतिकीय लेखनात दाखविला होता. आर्. शटलवर्थ यांनी १९५० मध्ये त्याला सुटसुटीत समीकरणाचे रूप दिले : पृष्ठप्रतिबल म्हणजे पृष्ठ ऊर्जा अधिक विकृतीनुसार पृष्ठ ऊर्जेत होणाऱ्या बदलाचा दर. हे दुसरे पद ऋण व मोठे असू शकते. म्हणून पृष्ठ ऊर्जा नेहमी धन असली, तरी पृष्ठप्रतिबल दाबरूप असणे शक्य असते.

पट्टीचे वाकणे : एका बाजूचे प्रतिबल दुसऱ्या बाजूपेक्षा वेगळे झाले की पातळ पट्टी वाकते. पुस्तकबांधणी करणाऱ्यांना याचा रोजचा अनुभव असतो. पुठ्ठ्याच्या एकाच बाजूस खळ लावून कागद चिकटविला, तर वाळताना कागद आकसतो व पुठ्ठा त्या बाजूस वळतो. म्हणून आतल्या बाजूसही कागद लावावा लागतो. याच घटनेचा परिमाणात्मक अभ्यास ब्रिटिश अभियंते जॉर्ज जेरल्ड स्टोनी यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केला (‘इलेक्ट्रॉन’ हा शब्द सुचविणारे जॉर्ज जॉन्स्टन स्टोनी हे त्यांचे वडील). विद्युत् विलेपनाने बसविलेले निकेलसारख्या धातूचे पटल विशिष्ट जाडीपलीकडे आपोआप सुटून गुंडाळले जाते, या व्यावहारिक अडचणीचे कारण ते शोधीत होते. सु. ०.३ मिमी. जाडीच्या पोलादी पट्ट्यांच्या एका बाजूस निकेलाचा मुलामा देऊन त्यांनी पट्ट्यांची वक्रता मोजली व तिच्यावरून पटलातील ताण काढला. त्यांचे सूत्र किंचित सुधारून आजही वापरले जाते. त्यानुसार वक्रता ही दोन बाजूंच्या पृष्ठप्रतिबलांतील फरकाच्या सम प्रमाणात आणि पट्टीच्या जाडीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. मूळ सूत्रात प्वासाँ गुणोत्तराचा (लांबीच्या दिशेने ताणले असता आडव्या दिशेने होणाऱ्या आकुंचनाच्या प्रमाणाचा) विचार नव्हता, तो नंतर अंतर्भूत करण्यात आला.

पुढील विवेचनात एकच पट्टी उदाहरणादाखल घेतली आहे : लांबी ५०० मायक्रोमीटर, रुंदी १०० मायक्रोमीटर व जाडी १ मायक्रोमीटर असलेली सिलिकॉनची पट्टी. तिच्या एका बाजूवरील प्रतिबल ०.००५ न्यूटन प्रतिमीटरने बदलले, तर वक्रतात्रिज्या सु. ६ मीटर व मोकळ्या टोकाचे स्थानांतर सु. २१ नॅनोमीटर (नॅनोमीटर म्ह. मीटरचा अब्जांश भाग) येते. लेसर शलाका टोकावरून परावर्तित करून प्रकाशविद्युत् शोधकावर पाडली, तर एवढे स्थानांतर सहज मोजता येते. ही पद्धत आणवीय बल सूक्ष्मदर्शकातून आली आहे. तो सूक्ष्मदर्शक गेर्ट बिनिग, कॅल्व्हिन क्वेट व क्रिस्टोफ गेर्बर यांनी १९८६ मध्ये जगापुढे मांडला. त्याच्या पट्ट्या हवेतील बाष्पाने वा तापमानाने आपोआप वाकतात, ही सूक्ष्मदर्शक वापरणाऱ्यांची डोकेदुखी होती. १९९४ च्या सुमारास तिचाच उपयोग मापनासाठी करून घेण्याची कल्पना पुढे आली. त्यात स्वित्झर्लंडमधील आयबीएमच्या प्रयोगशाळेतील गट आणि अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेतील भारतीय वंशाचे टॉमस थुंडट यांचा गट हे अग्रेसर होते. सोन्याचा मुलामा दिलेल्या पट्टीवर गंधकयुक्त दीर्घ रेणूंचा एकरेणवीय थर बसताना होणारे दाबरूप प्रतिबल १९९७ मध्ये मोजण्यात आले. डीएनएच्या लहान साखळ्यांमध्ये एकाच घटकाचा फरक असला, तरी तो वाकण्यातील फरकावरून ओळखता येतो, असे २००० मध्ये दाखविण्यात आले. या प्रयोगांत शेजारी एक कोरी पट्टी ठेवून तिच्याशी तुलना करतात. तसे केले नाही, तर तापमानातील चढउतार व द्रवाचा प्रवाह यांनी होणारे वाकणे खऱ्या संकेतात मिसळते.

पट्टीचे कंपन : काटकोनी छेदाच्या, एकसारख्या जाडीच्या कँटिलिव्हरची मूलभूत नैसर्गिक कंप्रता पुढील सूत्राने मिळते :

कंप्रता = ०.१६२ × (जाडी ÷ लांबीचा वर्ग) × √(यंग गुणांक ÷ घनता)

उदाहरणातील पट्टीसाठी ती सु. ५,५०० हर्ट्‌झ येते. पट्टीचे एकूण वस्तुमान सु. ०.१२ मायक्रोग्रॅम असते. तिच्यावर सर्वत्र सारखा पसरलेला परकीय द्रव्याचा थर बसला व त्यामुळे ताठरता मुळीच बदलली नाही, असे गृहीत धरले, तर कंप्रतेतील सापेक्ष घट वस्तुमानातील सापेक्ष वाढीच्या निम्मी असते. म्हणजे १ हर्ट्‌झची घट सु. ४२ पिकोग्रॅम (ग्रॅमच्या अब्जांश भागाचा हजारांश भाग म्ह. १ पिकोग्रॅम) द्रव्य दर्शविते. पट्टी लहान केली, तर संवेदनक्षमता झपाट्याने वाढते. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात २००४ मध्ये व्हॅक्सिनिया (देवीच्या लशीत वापरल्या जाणाऱ्या) विषाणूचे सु. ९.५ फेम्टोग्रॅम (पिकोग्रॅमचा हजारांश भाग म्ह. १ फेम्टोग्रॅम) इतके सरासरी शुष्क वस्तुमान या रीतीने काढण्यात आले.

सर्व गणित ‘ताठरता बदलली नाही’ या गृहीतावर उभे आहे आणि नेमके तेथेच पृष्ठप्रतिबल आड येते.

अक्षीय बलाची कल्पना : तंबोऱ्याची खुंटी पिळली की तारेतील ताण वाढतो व स्वर चढतो. पट्टीच्या पृष्ठाला ताण आला, तर तिची कंप्रताही तशीच वाढावी, असे प्रथमदर्शनी वाटते. जे. लागोव्हस्की, एच्. सी. गॅटोस व ई. एस्. स्प्रोल्स यांनी १९७५ मध्ये गॅलियम आर्सेनाइडाच्या अतिशय पातळ स्फटिकपट्ट्यांच्या कंप्रता मोजल्या. त्या तुळईच्या नेहमीच्या सिद्धांताशी जुळल्या नाहीत. या तफावतीचा उलगडा त्यांनी पृष्ठप्रतिबल हे पट्टीवर लांबीच्या दिशेने लावलेल्या बाह्य बलासारखे कार्य करते, असे मानून केला. कल्पना सोपी होती, सूत्र हाताशी होते व मोजलेल्या आकड्यांशी ते जुळविताही येत होते. त्यामुळे ती रुजली. सूक्ष्मकँटिलिव्हर संवेदकांचा प्रसार झाल्यावर कंप्रतेतील बदलावरून पृष्ठप्रतिबल काढणारे निबंध १९९५ पासून पुढे दहा-बारा वर्षे प्रसिद्ध होत राहिले.

वास्तविक तिचे खंडन लगेच, म्हणजे १९७६ मध्येच झाले होते. एम्. ई. गर्टिन, एक्स्. मार्केन्स्कॉफ व आर्. एन्. थर्स्टन यांनी दाखवून दिले की, पृष्ठप्रतिबल विकृतीवर अवलंबून नसेल, तर तुळईच्या सिद्धांतानुसार त्याचा कँटिलिव्हरच्या कंप्रतेवर काहीही परिणाम होत नाही. युक्तिवाद असा आहे : पट्टीचा कोठेही आडवा छेद कल्पून त्याच्यापासून मोकळ्या टोकापर्यंतचा भाग विचारात घ्यावा. मोकळ्या टोकाला कोणीही धरलेले नाही. तेव्हा या भागावर छेदातून कार्य करणारे एकूण अक्षीय बल शून्य असलेच पाहिजे. पृष्ठातील ताण या भागास आधाराकडे ओढीत असेल, तर पट्टीचा गाभा तेवढ्याच दाबाने त्यास विरुद्ध दिशेस ढकलीत असतो, कारण ताणलेल्या पृष्ठाने गाभ्याला आधीच किंचित आकसविलेले असते. कंपन होताना पट्टी वाकली म्हणजे पृष्ठातील ताण तिला सरळ करू पाहतो व गाभ्यातील दाब तिला तितक्याच बलाने अधिक वाकवू पाहतो. दोन्ही परिणाम एकमेकांस पूर्णपणे छेद देतात. तंबोऱ्याच्या तारेची गोष्ट वेगळी आहे. तिची दोन्ही टोके बांधलेली असतात व ताणाचा भार घोडी, तारदान आणि खुंटी यांच्यावर पडतो. दोन्ही टोके पक्की असलेल्या सूक्ष्मपट्टीतही आकसण्यास वाव नसल्याने निव्वळ अक्षीय बल शिल्लक राहते आणि तिची कंप्रता पृष्ठप्रतिबलाने खरोखरीच बदलते. १९७५ च्या कल्पनेत पृष्ठातील ताण हिशोबात धरला गेला व गाभ्यातील दाब विसरला गेला. एवढ्या साध्या समतोलाकडे तीस वर्षे अनेकांचे दुर्लक्ष व्हावे, हे आश्चर्याचे आहे.

चूक किती मोठी आहे, हे उदाहरणातील पट्टीवरून कळते. ०.००५ न्यूटन प्रतिमीटर प्रतिबल अक्षीय बल म्हणून धरल्यास कंप्रतेत जवळजवळ १.८ टक्के, म्हणजे सु. १०० हर्ट्‌झ इतका फरक यावयास हवा. वस्तुमानाच्या भाषेत तो सु. ४ नॅनोग्रॅमचा ठरतो. इतका फरक कोणत्याही उपकरणात दिसावा, पण प्रत्यक्षात असा परिणाम अस्तित्वातच नाही.

आधाराजवळील परिणाम : खरी पट्टी ही आदर्श तुळई नसते, तिला रुंदी असते. पृष्ठप्रतिबलामुळे पट्टी लांबीत व रुंदीत आकसते (किंवा प्रसरते), परंतु आधारापाशी ती जखडलेली असल्याने रुंदीच्या दिशेने तिला आकसता येत नाही. म्हणून आधाराच्या जवळ, साधारणपणे पट्टीच्या रुंदीएवढ्या अंतरापर्यंत, तिच्या प्रतलात प्रतिबले शिल्लक राहतात व त्यांचा ताठरतेवर परिणाम होतो. तुळईच्या एकमितीय सिद्धांतात हा परिणाम दिसत नाही. एम्. जे. लाचुट व जॉन सेडर यांनी २००७ मध्ये पातळ पट्टाच्या त्रिमितीय सिद्धांताने त्याचे गणित केले. कंप्रतेतील सापेक्ष बदल हा एकूण पृष्ठप्रतिबलाच्या व रुंदीच्या घनाच्या सम प्रमाणात आणि लांबीच्या व जाडीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो, असे त्यांना आढळले. प्वासाँ गुणोत्तर शून्य असेल, तर हा परिणामही शून्य होतो. त्याचे मूळ आडव्या दिशेच्या आकुंचनात आहे, याची ती खूणच होय. उदाहरणातील पट्टीसाठी हा बदल दहा लाखांत एका भागाहूनही कमी, म्हणजे हर्ट्‌झच्या काही हजारांश भागांएवढा येतो. अक्षीय बलाच्या सूत्राने आलेल्या आकड्याच्या तो सु. तीस हजाराव्या हिश्श्याइतका आहे.

याशिवाय पट्टी आकसल्यामुळे तिची लांबी, रुंदी व जाडी बदलते आणि त्याचाही थोडा परिणाम होतो, परंतु येथील विकृती अब्जात २८ भाग इतकी अल्प आहे. आणखी एक परिणाम आडव्या वक्रतेचा. सुताराची पोलादी मेजपट्टी रुंदीत किंचित वळविलेली असते, म्हणून ती पुष्कळ लांबवर खाली न झुकता सरळ राहते. दोन बाजूंच्या प्रतिबलांतील फरकाने सूक्ष्मपट्टीही रुंदीत वळते व तत्त्वतः अधिक ताठ होते. उदाहरणात मात्र रुंदीतील ही पन्हळ केवळ ०.२ नॅनोमीटर खोल, म्हणजे एखाद्या अणूच्या व्यासाएवढी असते व तिचा परिणाम उपेक्षणीय ठरतो.

निर्णायक प्रयोग २०१२ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील रॉक्स यांच्या गटाने सेडर यांच्या सहकार्याने केला. रेणूंचा थर बसवून प्रतिबल निर्माण केले, की वस्तुमान व तापमान हेही बदलतात व कोणता परिणाम कशाचा हे कळत नाही. म्हणून या प्रयोगात दाबविद्युत् (विद्युत् दाब लावला असता आकारमान बदलणाऱ्या) द्रव्याचा थर असलेल्या पट्ट्या घेण्यात आल्या. विद्युत् दाब बदलून पट्टीतील प्रतिबल हवे तसे कमी-जास्त करता येत असे व वस्तुमान तेच राही. एकाच घडणीच्या एका टोकाला व दोन्ही टोकांना बांधलेल्या पट्ट्यांची मोजणी बरोबरीने करण्यात आली. दोन्ही प्रकारांत मिळालेली कंप्रता स्थितिस्थापकतेच्या सिद्धांताशी जुळली आणि अक्षीय बलाची कल्पना कँटिलिव्हरला लागू पडत नाही, हे प्रयोगाने सिद्ध झाले.

पृष्ठीय स्थितिस्थापकता : गर्टिन व त्यांचे सहकारी यांच्या १९७६ च्या निष्कर्षात एक अट होती, प्रतिबल विकृतीवर अवलंबून नसावे ही. ते अवलंबून असेल, तर पृष्ठ हे स्वतःचा यंग गुणांक असलेल्या अतिपातळ कातडीसारखे वागते. पट्टी वाकताना सर्वाधिक विकृती पृष्ठावरच होत असल्याने अशा कातडीचा ताठरतेवर परिणाम होतो. कंप्रतेतील सापेक्ष बदल हा पृष्ठीय गुणांकाच्या तिपटीस यंग गुणांक व जाडी यांच्या गुणाकाराने भागून मिळतो. पृष्ठीय गुणांक १० न्यूटन प्रतिमीटर धरला, तर १ मायक्रोमीटर जाडीच्या सिलिकॉन पट्टीत हा बदल सु. ०.०२ टक्के, तर ३० नॅनोमीटर जाडीच्या पट्टीत सु. ०.६ टक्के येतो. या गुणांकाचे मूल्य पृष्ठाच्या प्रकारानुसार धन वा ऋण असते, म्हणून पट्टी पातळ केल्याने काही द्रव्यांत ती अपेक्षेहून ताठ, तर काहींत अपेक्षेहून मऊ झालेली आढळते. मायक्रोमीटर जाडीच्या पट्टीच्या बाबतीत हा सर्व विचार दुय्यम असतो, परंतु पट्टी काही दहा नॅनोमीटर जाडीची झाली, म्हणजे तो मुख्य होतो.

बसलेल्या थराची ताठरता : जुन्या प्रयोगांत दिसलेले कंप्रतेतील मोठे फरक मग कशामुळे झाले, हा प्रश्न उरतोच. त्याचे एक महत्त्वाचे उत्तर असे की, पृष्ठावर बसलेला थर हा केवळ वजन नसून त्याला स्वतःची ताठरता असते. वजन कंप्रता कमी करते, ताठरता ती वाढविते. शिवाय दोन्हींचा परिणाम जागेनुसार बदलतो. मोकळे टोक सर्वांत जास्त हलते, म्हणून तेथे बसलेले वजन सर्वाधिक जाणवते. पट्टी आधारापाशी सर्वांत जास्त वाकते, म्हणून तेथे बसलेला थर ताठरतेत सर्वाधिक भर घालतो. माद्रिद येथील हाविएर तामायो व त्यांचे सहकारी यांनी २००६ मध्ये सूक्ष्मजंतू पट्टीवर निरनिराळ्या ठिकाणी बसविले असता हा भेद कसा दिसतो, हे दाखविले. आधाराजवळ सूक्ष्मजंतू बसले तर वजन वाढूनही कंप्रता वाढू शकते. त्याच वर्षी पर्ड्यू येथील गटाने अतिशय पातळ पट्ट्यांवर प्रतिपिंडांचा (विशिष्ट परक्या द्रव्याला चिकटणाऱ्या प्रथिनांचा) थर बसविल्यावर काही पट्ट्यांची कंप्रता घटण्याऐवजी वाढल्याचे नोंदविले. येथे थराची जाडी व पट्टीची जाडी यांत फारसे अंतर राहिलेले नव्हते. केवळ वस्तुमानाच्या सूत्राने पाहणाऱ्यास अशा वेळी ऋण वस्तुमान मिळाले असते.

तापमान हा दुसरा दोषी. सिलिकॉनचा यंग गुणांक दर १° से. तापमानवाढीस सु. दहा लाखांत ६० भागांनी घटतो व म्हणून कंप्रता सु. ३० भागांनी घटते. उदाहरणातील पट्टीत हा फरक दर अंशास ०.१७ हर्ट्‌झ, म्हणजे पृष्ठप्रतिबलाच्या खऱ्या परिणामाच्या कितीतरी पट होतो. तापमान शतांश अंशापर्यंत स्थिर राखल्याचे स्पष्ट सांगितलेले नसेल, तर कंप्रतेवरून काढलेल्या पृष्ठप्रतिबलाच्या आकड्यांवर विसंबणे धोक्याचे ठरते.

द्रवातील कंपन : जीवरासायनिक मापने बहुधा पाण्यात करावी लागतात. पाण्यात पट्टी आपल्याबरोबर पुष्कळसे पाणीही हलविते. त्यामुळे तिचे परिणामी वस्तुमान अनेक पटींनी वाढते, कंप्रता उतरते आणि श्यानतेमुळे (द्रवाच्या प्रवाहास होणाऱ्या अंतर्गत विरोधामुळे) कंपन लवकर मंदावते. हवेत अनुस्पंदनाचे शिखर अरुंद व उंच असते, ते पाण्यात बसके व पसरट होते व कंप्रतेतील बारीक फरक ओळखणे कठीण जाते. यावर मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये २००७ मध्ये एक नामी तोड काढण्यात आली : पट्टी निर्वातात ठेवून तिच्या पोटातच सूक्ष्म नलिका कोरावयाची व द्रव तिच्यातून वाहवावयाचा. द्रवातील पेशी वा कण नलिकेतून जाताना पट्टीची कंप्रता क्षणभर उतरते आणि त्यावरून त्या एका कणाचे तरंगते वस्तुमान मिळते. कण भिंतीला न चिकटता जात असल्याने पृष्ठप्रतिबल व थराची ताठरता हे दोन्ही प्रश्न तेथे उद्‌भवत नाहीत.

संवेदकाची रचना : वरील विवेचनावरून रचनेसंबंधी काही गोष्टी निघतात. पृष्ठप्रतिबल मोजावयाचे असेल, तर कँटिलिव्हरचे वाकणे मोजावे. त्यासाठी पट्टी लांब व पातळ घेऊन तिची एकच बाजू रेणू बसण्यायोग्य करावी. कंप्रतेवरूनच ते मोजण्याचा आग्रह असेल, तर दोन्ही टोके बांधलेली पट्टी वापरावी. वस्तुमान मोजावयाचे असेल, तर कँटिलिव्हर अरुंद ठेवावा आणि रेणू बसण्याची जागा मोकळ्या टोकाजवळच्या लहान भागापुरती मर्यादित करावी, म्हणजे थराच्या ताठरतेचा उपद्रव होत नाही. तशी सोय नसल्यास कंपनाचे दोन वा अधिक प्रकार एकदम मोजतात. प्रत्येक प्रकारात पट्टी वेगवेगळ्या जागी जास्त हलते व वेगवेगळ्या जागी जास्त वाकते. त्यामुळे मिळणाऱ्या स्वतंत्र समीकरणांवरून वस्तुमान, त्याचे स्थान व ताठरता ही वेगळी करता येतात. भारतात मुंबईच्या पवई येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत (आय्‌आय्‌टी) एसयू-८ या बहुवारिकाच्या पट्ट्यांचे संवेदक विकसित करण्यात आले आहेत. हे बहुवारिक सिलिकॉनपेक्षा कित्येक पटींनी मऊ असल्याने तेवढ्याच प्रतिबलाने पट्टी अधिक वाकते. पट्टीतच बसविलेल्या, विकृतीनुसार विद्युत् रोध बदलणाऱ्या थरावरून ते वाकणे विद्युत् संकेताच्या रूपात वाचले जाते व लेसरची मांडणी लागत नाही. हृद्‌रोगात रक्तात वाढणारी प्रथिने व स्फोटकांची बाष्पे यांचा शोध हे त्या कार्यामागील उद्देश होते.